अनुभव धागा: आपल्या लहानपणचे दूरदर्शन आणि आपली मुले

गेल्या महिन्यात आठ वर्षांच्या भाचीला 'मालगुडी डेज' दाखवायला बसले आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून सुरू होताच तिने रिमोटवरचे पुढे सरकवायचे बटण दाबले. जी धून कानावर पडताच आम्ही हातातली वही तशीच टाकून धावत येत असू, ती तिच्या लेखी गोष्टीआधीचा निव्वळ खोळंबा होती. मी रिमोट काढून घेतला, ती रुसली, आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आम्ही दोघींनी अबोल्यातच पाहिली.

त्या संध्याकाळपासून हा धागा काढायचे मनात होते. दूरदर्शनच्या काळातले मुलांचे कार्यक्रम आपण आपल्या मुलांना, नातवंडांना किंवा विद्यार्थ्यांना दाखवले असतील, तर काय दाखवले आणि समोरच्याने त्याचे काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे. फसलेले प्रयोगही लिहावेत. किंबहुना तेच आधी लिहावेत. 'आमच्या वेळी किती छान होते' हे आपणा सर्वांना मान्य आहे असे गृहीत धरून पुढे जाऊ.

माझ्या प्रयोगाचा शेवट मात्र बरा झाला. शंकर नाग यांनी १९८६ मध्ये आगुंब्यात उभे केलेले ते गाव भाचीला फारसे भावले नाही, पण गोष्टीतला स्वामी हा मुलगा आपल्या वडिलांना इतका का घाबरतो, हे कोडे तिला सुटेना, कारण तिचे वडील अजूनही तिच्यासाठी घोडा होतात. आमच्या घरीही तसेच होते, असे मी सांगितल्यावर तिने खुर्चीत बसलेल्या माझ्या वडिलांना थेट विचारले, "आजोबा, बाबा तुम्हाला घाबरायचा?" आजोबांनी वर्तमानपत्र जरा आणखी वर धरले.

*

माझा नातू दहा वर्षांचा आहे. रामानंद सागर यांची १९८५ ची 'विक्रम और बेताल' ही मालिका त्याला दाखवावी असे मनात आले, त्यामागे थोडा खोडसाळपणाही होता. सज्जन यांनी रंगवलेला बेताल दिसला की या मुलाचा बाप उशीत तोंड खुपसत असे. नातू मात्र त्याच बेतालाचा पांढरा टोप पाहून खदखदून हसला, आणि ही मात्रा काही लागू पडत नाही असे मी धरून चाललो.

पुढच्या भागात बेतालाने राजाला प्रश्न विचारला आणि नातवाने चित्र जागच्या जागी थांबवले. "आजोबा, आधी तुम्ही उत्तर सांगा, मग मी सांगतो, मग राजाला बोलू द्या." सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून चालत आलेल्या वेताळपंचविशीची घडणच अशी आहे की ऐकणाऱ्याने प्रश्नापाशी थबकावे आणि न्याय स्वतः करून पाहावा; आम्हाला ती मुभा कधी मिळाली नाही, कारण प्रक्षेपण कोणासाठी थांबत नसे आणि आमचा विचार सुरू होण्याआधीच राजा झालेले अरुण गोविल निवाडा देऊन मोकळे होत. ज्या बटणाविषयी वर तक्रार आहे, त्याच्याच शेजारच्या बटणाने माझ्या घरी हे काम केले, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. आजवर राजाचे आणि नातवाचे मत तीनदा जुळले आहे. बाकीच्या वेळी त्याने राजाला नापास केले आहे.

*

माझी मुलगी सोळा वर्षांची असून ती जपानी अ‍ॅनिमे मूळ भाषेत, खाली उपशीर्षके लावून पाहते. एरवी मी त्यावर नाक मुरडतो. "आम्ही काय पाहायचो ते बघ," असे म्हणून मी तिला १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेले 'जंगल बुक' लावून दिले, गुलजार यांचे शीर्षकगीत टिपेला जाऊन म्हटले आणि शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज असल्याचे अशा थाटात सांगितले की जणू तो मीच दिला होता. मोगली पडद्यावर आला आणि त्याचे डोळे पाहताच ती म्हणाली, "बाबा, हे अ‍ॅनिमे आहे."

मी वाद घातला. गोष्ट सिवनीच्या जंगलातली, म्हणजे आमच्या नागपूरच्या शेजारची. गाणे हिंदी, आवाज आपल्या माणसांचे. मग मालिका परकी कशी? तिने दोन मिनिटांत शोधून दाखवले की ही ५२ भागांची मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेची आहे, ती तिकडे १९८९ मध्ये सुरू झाली होती, आणि गुलजार व विशाल भारद्वाज यांचे गाणे हा नंतर इकडे चढलेला साज आहे. तेव्हापासून तिच्या आवडीला नावे ठेवण्याचा माझा अधिकार घरात रद्द झाला आहे.

*

फसलेला प्रयोग मागितला आहे, तो माझ्याकडे आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, 'शक्तिमान' पुन्हा दाखवू लागले तेव्हा मी नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवले. त्याने तीन भाग पाहिले, तेही माझे मन राखण्यासाठी; चौथ्या भागात मीच उठून गेलो, कारण आठवणीतला शक्तिमान या शक्तिमानापेक्षा फार वेगाने गरगरत असे. मुलाने त्यातून एकच गोष्ट घेतली. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे शक्तिमानाचे एरवीचे नाव तो एका दमात म्हणतो, आणि फोनवर कोणी 'कोण बोलतंय?' असे विचारले की तेच सांगतो.

*

माझ्याजवळ दाखवायला काहीच नाही. मुंबई दूरदर्शनच्या 'किलबिल' या कार्यक्रमात मी एकदा समूहगीतासाठी उभी राहिले होते, दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. कार्यक्रम लागला त्या दिवशी काकांनी टीव्हीच्या पडद्याचाच फोटो काढला, आणि फ्लॅशचा उजेड काचेवर नेमका तिथे पडला जिथे माझा चेहरा होता. रोल धुऊन येईपर्यंत हे कोणाला कळले नाही. मुलीला तो फोटो दाखवला, तेव्हा तिने बराच वेळ न्याहाळून विचारले, "म्हणजे हा पांढरा गोळा तू?" मी हो म्हटले. तिने त्याचा फोटो काढून आपल्या मैत्रिणींना पाठवला आहे.

*

मी मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. विजया मुळे यांनी १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'एक अनेक और एकता' हा जेमतेम सात मिनिटांचा बोलपट मी दरवर्षी दाखवते आणि तो आजतागायत पडला नाही. पहिले कारण त्याची लांबी आहे. दुसरे असे की जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट मुलांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे हिंदी अडत नाही. एकात्मतेचा संदेश किती पोहोचतो हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, परंतु वचनविचार असा उत्तम शिकवणारे दुसरे साधन मला मिळालेले नाही. चित्र संपले की आठवडाभर वर्गात 'एक डबा, अनेक डबे', 'एक फळा, अनेक फळे' असा गजर चालतो. यंदा एका मुलाने विचारले, "बाई, तुमचे अनेक काय?" बाया म्हणावे, बायका म्हणावे की नुसते बाई, यावर वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत अडकला होता.

*

दाखवणाऱ्यांनी बरेच लिहिले आहे. ज्याला दाखवले गेले, त्याच्या बाजूने मी लिहितो. माझे वय १९ आहे. आईने मला लहानपणी बाहुल्यांची 'पोटली बाबा की' पाहायला बसवले होते. गोष्टी मला आता आठवत नाहीत. आठवते ते असे की आई पडद्याकडे पाहतच नसे. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत असे, आणि गमतीची जागा येण्याच्या क्षणभर आधी तिचा हात माझ्या गुडघ्यावर येत असे, त्यामुळे केव्हा हसायचे हे माझे कधी चुकले नाही.

माझ्या वाट्याला आलेला कार्यक्रम म्हणजे पोगोवर २००८ मध्ये सुरू झालेला 'छोटा भीम'. परवा सहा वर्षांची आत्तेबहीण घरी आली होती, म्हणून त्याचे अगदी सुरुवातीचे भाग शोधून लावले आणि कालिया तोंडावर आपटणार त्याच्या जरा आधी तिच्याकडे वळून पाहिले. ती म्हणाली, "दादा, तू बघ, मी पाणी पिऊन येते." भाग संपला तरी ती आली नव्हती.