बालीतल्या स्त्रीचं व्यक्तिचित्र: गालाचा रंग मळतोय, जाड थराला सुरकुत्या

रंगरेषा
१८ × २४ इंची कॅनव्हास, तैलरंग. देवळाकडे निघालेली बाई, डोक्यावर गेबोगान म्हणजे नैवेद्याच्या फळांचा उंच मनोरा, अंगात केबाया (घट्ट झंपर), कमरेला सेलेंडांग (कमरपट्ट्यासारखं कापड). इंडोनेशियन चित्रकार आफांदींसारखा रंग थेट ट्यूबमधून पिळतेय, मऊ व्हावा म्हणून थोडं जवसाचं तेलही घालते. गाल मळकट झालेत आणि आठवड्याभरात जाड जागी सुरकुत्या आल्यात. काय चुकतंय?

जवसतेल
तेल बंद करा, सुरकुत्या त्याच्याच आहेत. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. वर आधी साय धरते, ती पसरते आणि खाली ओला रंग असल्यामुळे तिला चुण्या पडतात. अलिझरिन क्रिमझन या गडद लाल रंगात मुळातच तेल जास्त असतं, तो जाड लावू नका. रंग अर्धा तास टीपकागदावर ठेवला की जादा तेल निघून जातं. सुरकुतलेला भाग पॅलेट नाईफने खरवडूनच काढा. त्यावर नवा थर टिकणार नाही.

गेरू
गाल मळतात ते घोळण्यामुळे. आफांदींच्या पिळलेल्या रेघा शेजारीशेजारी राहतात, मिसळतात त्या बघणाऱ्याच्या डोळ्यात. त्वचेला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा), सावलीला त्याच सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा. काळा अजिबात नको. बोट एकदाच ओढायचं, मग पुसायचं. कॅडमियम असेल तर हातमोजे हवेतच. सावली पातळ, उजेड जाड.

चाफा
रंगाइतकीच मान बघा. एवढं ओझं पेलताना हनुवटी आडवी राहते, कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरणारे दोन स्नायू ताणलेले दिसतात. भाव आणायला डोकं कलतं केलंत तर गेबोगान पडेल. आकारांची मोडतोड करायची तर फळांच्या मनोऱ्यात, खांद्यात, हाताच्या लांबीत करा. मानेचा उभा अक्ष सोडू नका.

पोषाखातही दोन चुका नेहमी दिसतात. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं पोलेंग कापड देवळातल्या मूर्तींना, झाडांना गुंडाळतात. तिच्या कमरेखाली साधं कामेन, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळलेलं वस्त्र हवं. आणि कपाळावर ओल्या तांदळाचे दाणे लावतात ते पूजा झाल्यावर. ही बाई अजून वाटेवर आहे, कपाळ मोकळं ठेवा.

रंगरेषा
दाणे रंगवले होते, आत्ताच पुसले. सेलेंडांगवरच्या सोनेरी नक्षीला तयार सोनेरी रंग चालेल?

गेरू
नको, उजेड बदलला की तो करडा दिसतो. ऑकरचा थर द्या, कडेला बर्न्ट अंबर, आणि त्यावर लेमन यलोचे चार-पाच जाड ठिपके. तेवढ्यानेच जरीची नक्षी चमकते.