पॉलिगॉनवरून आर्बिट्रमवर एका बटणात: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापूरचा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही तिघं प्रोजेक्टसाठी मराठीतलं क्रिप्टो वॉलेट बनवतोय. सगळं टेस्टनेटवर आहे, खरा पैसा नाही. "त्या नादाला लागू नका" हा सल्ला घरी रोज मिळतो, इथे नको :)

काम एवढंच: पॉलिगॉन या ब्लॉकचेनवरचे यूएसडीसी (सर्कल कंपनीचे, डॉलरच्या भावाशी बांधलेले टोकन) आर्बिट्रम या दुसऱ्या चेनवर नेऊन आवे या कर्ज-ठेवीच्या प्रोटोकॉलमध्ये ठेवायचे. त्यासाठी आज अप्रूव्हल (टोकन उचलायची परवानगी) द्या, ब्रिज करा (दुसऱ्या चेनवर पाठवा), थांबा, नेटवर्क बदला, पुन्हा अप्रूव्हल, मग जमा. वर गॅसची, म्हणजे व्यवहाराच्या फीची, गोची. पॉलिगॉनवर गॅस पीओएल टोकनमध्ये, आर्बिट्रमवर ईथरमध्ये. म्हणजे पैसे पोचले तरी ईथर नसेल तर जागचे हलत नाहीत. शिवाय आर्बिट्रमवर यूएसडीसी दोन तऱ्हेचे: सर्कलने थेट तिथे काढलेले, आणि इथेरियमवर अडकवून इकडे छापलेले यूएसडीसी.ई. नवख्या माणसाला हा फरक कळणार कसा?

आम्ही दोन मार्ग पाहिले. सीसीटीपीत (सर्कलच्या स्वतःच्या ब्रिज पद्धतीत) इकडचे टोकन जाळायचे, म्हणजे कायमचे नष्ट करायचे, सर्कलची सही घ्यायची, तिकडे नवे छापायचे. इंटेंटमध्ये वापरणारा 'तिकडे इतके हवेत' एवढ्यावर सही करतो, बाकी रिलेअर (तिकडे पैसे पोचवणारा मध्यस्थ) बघतो. स्क्रीन खरंच एकच उरते. पण गाइड मॅडम म्हणाल्या, "टप्पे लपवलेत, ठीक. मधल्या वेळात पैसे कुणाच्या भरवशावर आहेत, ते कुठं दिसतंय?"

रिलेअरने तिकडे पैसे दिलेच नाहीत तर? आणि सीसीटीपीत तिकडचा गॅस कोण भरणार? सांगा की ओ कुणीतरी.

चाटीगल्लीकर:
इंटेंट हुंडीसारखं समज. रिलेअर तिकडे आधी स्वतःच्या खिशातून भरतो, मग इकडे कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवरच्या प्रोग्राममध्ये) अडकलेले तुझे पैसे उचलतो. आधीची जोखीम त्याची. मुदतीत कुणीच भरणा केला नाही तर अक्रॉससारख्या प्रोटोकॉलमध्ये पैसे मूळ चेनवर परत मिळतात.

मॅडमचा प्रश्न मात्र तिथे संपत नाही. 'भरणा झाला' हे ठरवतो कोण? 2022 मधली ब्रिज लुटीची प्रकरणं काढून वाच. रोनिनवर 9 पैकी 5 व्हॅलिडेटरच्या (व्यवहार मंजूर करणाऱ्यांच्या) चाव्या चोरांच्या हाती लागल्या. वर्महोलमध्ये सही तपासणारा कोडच फसला आणि 1,20,000 ईथर गेले. बटणं कमी केली असती तरी दोन्ही ब्रिज लुटले गेलेच असते. म्हणून तुमच्या स्क्रीनवर बटणाशेजारी एक ओळ हवीच: पुरावा कोण तपासतं, आणि परतावा कुठल्या चेनवर.

सखाराम_कोडवाले:
गॅसचं बघ. ईआरसी-4337 चं (प्रोग्रामने चालणारं) खातं वापरलंस तर पेमास्टर (दुसऱ्याचा गॅस भरणारा कॉन्ट्रॅक्ट) ईथर भरतो आणि यूएसडीसीतून वळते करून घेतो. सीसीटीपीत छापायचा कॉल सहसा कुणीही करू शकतो, कारण पैसे कुणाला जायचे तो पत्ता संदेशातच असतो. तुमचा सर्व्हर कॉल करेल, पैसे लांबवू शकणार नाही. अप्रूव्हल मात्र हवं तेवढ्याच रकमेचं माग. अमर्याद मागणारी वॉलेटं बघितली की डोकं फिरतं माझं.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा! पण इकडे टोकन जळाले आणि तेवढ्यात आमचा सर्व्हरच बंद पडला तर?

सखाराम_कोडवाले:
तर पैसे अडकतात, बुडत नाहीत. व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) वापरणाऱ्याच्या फोनवर जपून ठेव आणि 'स्वतः उचला' असं दुसरं बटण दे. एका बटणाचा हट्ट तिथे सोड.