विषय: संक्रांतीनंतरची फुकेतची बोट

प्रेषक: सांस्कृतिक सचिव (सध्या मुक्काम महाल, नागपूर)

मंडळी, नमस्कार.

शारजा, दोहा, दुबईकडची आपली निम्मी मंडळी या हिवाळ्यात नागपुरात आहेत. घरच्यांना घेऊन एकदा समुद्रावर जाऊ हा हट्ट यंदा इथल्या मावशी-काकांनीच धरलाय. झिरो माइलच्या गावातून समुद्राकडे कुठल्याही दिशेने निघालं तरी लांबच पडतं. मग मुंबईमार्गे सरळ फुकेतलाच का जाऊ नये, असं ठरलं.

संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार धरू. बोट अख्खी आपली, परकं कोणी नाही. सकाळी चालाँगच्या धक्क्यावरून निघून आधी को हे, म्हणजे सगळे ज्याला कोरल आयलंड म्हणतात ते, आणि मग दक्षिणेला राचा याई. मास्क लावून मासे बघायचे, जेवायचं, गाणी म्हणायची आणि संध्याकाळी परत. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे कोरडा मोसम असतो, समुद्रही बराच शांत.

आपण २८ जण आहोत. सगळ्यात लहान ६ वर्षांचा, सगळ्यात मोठे काका ७१ चे. तीन बोटींचे भाव आलेत: स्पीडबोट, घसरगुंडी-डीजेवाली दोन मजली पार्टी बोट आणि कॅटामरान. शुक्रवारपर्यंत मत कळवा.

*

प्रेषक: मनीषनगर, धाकटी पाती

दादा, घसरगुंडीवाली!!! विचारून काय राहिलात? आणि फी फी बेटं का नाही? सगळे तिथेच जातात.

*

प्रेषक: धरमपेठची मावशी

सचिवभाऊ,

मी उभ्या जन्मात अंबाझरीच्या पाण्यात पाय बुडवला नाही, अन् तुम्ही मला समुद्रात उतरवून राहिलात! येणार मी, नाही म्हणत नाही. पण बोटीवर संडास आहे का, सावली आहे का, आणि माझा शनिवार असतो, तर खायला काय मिळेल, हे कोणीच लिहिलं नाही. तुमच्या डीजेचं मला काही घेणंदेणं नाही.

दुसरं, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. आपण बऱ्याच बायका आहोत. बोटीवर करायला काय हरकत आहे?

*

प्रेषक: बँकॉकची वहिनी

मंडळी,

इथे राहते म्हटल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या बोटी ठरवायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. तेव्हा स्पष्टच सांगते. घसरगुंडी, डीजे, फुगे सगळ्यात शेवटी बघा. आधी बोटवाल्याकडून पाण्यात उतरायच्या शिडीचा फोटो मागवा.

हसू नका. खाली सगळेच उतरतात, उडी मारली की झालं. खरी कसोटी वर येताना लागते. अंग भिजून जड झालेलं, पायात फिन्स म्हणजे पोहायचे रबरी पंखे, लाटेबरोबर बोट वरखाली होतेय, आणि शिडी म्हणजे नुसत्या गोल नळ्या, त्यातही पाण्याखाली जेमतेम एक पायरी. गुडघे दुखणाऱ्या माणसाने पाय कुठे ठेवायचा? आमच्या सासूबाईंना अशाच एका बोटीवर दोघांनी काखेत हात घालून ओढून घेतलं. मासे पाहिले एक तास, खांदा दुखला पुढचा महिनाभर. म्हणून सपाट, रुंद पायऱ्या हव्यात, त्यातल्या निदान तीन पाण्याखाली जाणाऱ्या, आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा.

आता बोटीचं. स्पीडबोट लवकर पोचते, पण लाटांवर आपटत जाते. ज्यांची कंबर धरलेली आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये आणि गरोदर बाईला तर बहुतेक बोटवाले घेतच नाहीत. दोन मजली पार्टी बोट फोटोत छान दिसते, पण सगळे वरच्या मजल्यावर नाचायला गेले की डुलायला लागते. शिवाय भोंगे चालू असले की गाइडची शिट्टी पाण्यातल्या माणसाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. कॅटामरान म्हणजे दोन लांबट सांगाड्यांवर मध्ये रुंद पाट. हळू जाते, पण कमी हलते. सावली असते, संडास असतो, पुढे जाळीवर पोरं लोळतात. ६ ते ७१ वयाच्या माणसांना हीच घ्या.

५ जुलै २०१८ ला फिनिक्स नावाची पर्यटकांची बोट राचाहून परत येताना को हेजवळ वादळात बुडाली. ४७ माणसं गेली. हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. जानेवारीत पावसाळ्यासारखं नसतं हे खरं, पण वारा उठू शकतो. म्हणून करारात लिहून घ्या की हवा बिघडली तर दुसरा दिवस नाहीतर पूर्ण पैसे परत. कप्तान नको म्हणाला तर त्याच्याशी कोणी हुज्जत घालायची नाही. "आम्ही नागपूरहून आलो आहोत" हे सांगून लाट कमी होत नाही.

फी फीबद्दल: ते आणखी लांब आणि राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे माणशी शुल्क वेगळं. तिथली प्रसिद्ध माया बे जून २०१८ ला बंद केली होती, कारण रोज हजारोंनी माणसं आणि नांगर यांनी प्रवाळांची पार वाट लावली होती. जानेवारी २०२२ ला उघडली, पण तिथे पोहायला बंदीच आहे. काठावर उभं राहून फोटो काढायचा तर एवढं जायचं कशाला? राचा राष्ट्रीय उद्यानात येत नाही, पाणी स्वच्छ, मासे भरपूर. प्रवाळ मात्र जाहिरातीतल्यासारखं रंगीबेरंगी दिसेल असं मनात धरून येऊ नका. २०२४ च्या उष्णतेत थायलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी ते पांढरं पडलं होतं.

सनस्क्रीनची ट्यूब उलटी करून वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीमं इथल्या सागरी उद्यानांत ऑगस्ट २०२१ पासून बंद आहेत. राचाला तो नियम लागत नसला तरी प्रवाळ तेच आहे ना? त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घाला, पाठ भाजणार नाही. प्रवाळावर उभं राहायचं नाही, माशांना पाव घालायचा नाही. सिगारेटवाल्यांनो, इथल्या बऱ्याच समुद्रकिनाऱ्यांवर ओढायला बंदी आहे आणि दंड मोठा आहे. आणि खर्रा घोटून आणणारे तुमच्यात कोण ते मला माहीत आहे. बोटीच्या कठड्यावरून थुंकायचं नाही!

मावशी, जेवणाचं: इथे नुसतं "व्हेज" म्हटलं तर भाज्या येतात, पण त्यात माशाचं पाणी म्हणजे नाम प्ला असतं. "जे" म्हणायचं. इथल्या बौद्ध शाकाहाराला तो शब्द आहे, त्यात मासे नाहीत की अंडं नाही. शनिवारचं म्हणाल तर कापलेली फळं आणि शहाळं प्रत्येक बोटीवर असतं.

*

प्रेषक: डॉक्टरकाका, रामदासपेठ

वहिनींनी शिडीचं लिहिलं ते उत्तम. मी पाण्यातलं लिहितो.

बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो हे सिनेमात. स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून मासे बघणं, करणारा माणूस तोंड खाली घालून तरंगतच असतो, त्यामुळे तो मासे बघतोय की संपलाय हे दोन हात अंतरावरूनही कळत नाही. हवाईत पर्यटकांचे असे मृत्यू बरेच होतात, म्हणून तिथे या प्रकरणाचा रीतसर अभ्यास झाला. त्यातून पुढे आलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अरुंद नळीतून श्वास घ्यायला छातीला जोर लावावा लागतो. त्या ओढीने फुप्फुसात पाणी झिरपू शकतं, तेही शरीराच्या आतलं. नाकातोंडात समुद्र गेलेलाच नसतो. माणसाला एकदम धाप लागते, हातपाय गळतात आणि आवाज देण्याइतकं बळ राहत नाही. हृदयाचा आजार असलेल्यांना धोका जास्त. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच उतरल्याने भर पडते का, अशीही शंका आहे, सिद्ध झालेलं नाही. तरी आपण पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बोट ठेवू नये असं माझं मत. एक दिवस नुसतं किनाऱ्यावर फिरा.

विनाकारण धाप लागली की मासे राहू द्या. पाठीवर वळा, नळी थुंकून टाका, मास्क काढा, हात वर करा. तोंडभर झाकणारे ते नवे मोठे मास्क आणू नका, घाईत निघत नाहीत. साधी, रुंद नळी पुरते. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही. पोहता येतं म्हणणारे आपल्याकडचे बहुतेक टँकमध्ये शिकलेले. तिथे पाय खाली टेकतात, समुद्रात टेकत नाहीत. २०१७ च्या जुलैत आपल्या वेणा जलाशयात पोरांची नाव उलटली होती, तेव्हा काय झालं ते नागपूरकराला मी सांगायला नको. जोड्या लावा, आणि जोडीदाराने दर मिनिटाला मान वर करून बघायचं. नवरा-बायकोची जोडी लावू नका, ते भांडत बसतात.

बीपी-शुगरची गोळी त्या सकाळी चुकवायची नाही, नाश्ताही नाही. मधुमेहवाल्यांनी पायात रबरी बूट घालायचे. प्रवाळाची जखम आणि समुद्री साळूचा काटा दोन्ही लवकर भरत नाहीत. बायपास, अँजिओप्लास्टी झालेल्या तिघांनी मला आधी भेटा. कोण ते मला ठाऊक आहे, त्यांनाही आहे.

बोट लागते त्यांनी निघण्याच्या तासभर आधी अवोमीन घ्या. गोळीने झोप येते, वर बीअर घेतली की दुप्पट येते. तेव्हा गोळी किंवा ग्लास, एकच काहीतरी. आणि सगळ्यांसाठीच: पाण्यात उतरण्याआधी एक थेंबही नाही.

येते दोन रविवार दुपारी बाराला टँकवर या. पाणी गारठलेलं असेल, जानेवारी आहे, पण मास्क लावून नळीने श्वास घ्यायची सवय तिथेच लागते. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये वरच्या ओठापाशी पाणी शिरतं. मिशीला व्हॅसलिन चोपडा नाहीतर मिशी काढा. काच धुरकट होते तिला आतून बेबी शाम्पूचं बोट फिरवून विसळायचं. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांनी नंबरचा मास्क आधीच शोधा, चष्म्यावर मास्क बसत नाही.

*

प्रेषक: सदरचे भाऊ

डॉक्टरकाका, सगळं मान्य. पण पार्टी बोट म्हणून एवढ्या लांब नेऊन तिथे संत्र्याचा रसच पाजणार असाल तर खिंडसीलाच बोटिंग करून येऊ ना!

*

प्रेषक: खजिनदार

भाऊ, तुमच्यासाठीच लिहून राहिलो आहे.

बोटीचं भाडं डोक्यावर वाटायचं, १२ वर्षांखालचे अर्धे. बाटल्या मंडळाच्या हिशेबात येणार नाहीत. मागच्या कोजागिरीला न पिणाऱ्या घरांकडूनही वर्गणी घेतली गेली आणि त्यावर अजून टोमणे चालू आहेत. सोडा, बर्फ, चकणा सामायिक. बाटली ज्याची त्याने आणायची. बोटवाला बाहेरच्या बाटलीवर वेगळे पैसे लावतो का, हे सचिव आजच विचारतील. फिन्सचं भाडं, हॉटेल ते धक्का गाडी आणि खलाशांची बक्षिशी हे भाड्यात आहे की वर, तेही लेखी हवं. तोंडी "ऑल इन्क्लुडेड"वर मी आगाऊ रक्कम सोडणार नाही.

नागपूरकरांनी रुपयांत, आखातवाल्यांनी दिरहम-रियालमध्ये दिलं तरी चालेल. ज्या दिवशी बोटवाल्याला पैसे जातील त्या दिवशीचा भाव धरू. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं पाठवा, विम्याला लागतं. विमा घेताना स्नॉर्कलिंग त्यात धरलंय का, ते वाचा. १ मे २०२५ पासून थायलंडला पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट निघाल्या आहेत, तिथे कार्ड नंबर देऊ नका.

ताजी संत्री पेटीने नेऊ म्हणणाऱ्यांना: फळं तिकडच्या विमानतळावर अडवू शकतात. संत्रा बर्फी न्या.

*

प्रेषक: सांस्कृतिक सचिव

कॅटामरान ठरली. मनीषनगरचा आवाज ऐकला, पण भोंग्यांखाली शिट्टी ऐकू येत नसेल तर मी २८ माणसांची जबाबदारी घेणार नाही. घसरगुंडी हॉटेलच्या तळ्यात आहे, तिथे दिवसभर बसा.

सकाळी दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरायचं. दुपारी राचाला शेवटचा माणूस वर आला, डोकी मोजून २८ भरली, शिडी वर ओढली की सदरच्या भाऊंच्या हाती बर्फाची पेटी. त्यानंतर पाण्यात कोणी जाणार नाही, कितीही गरम झालं तरी. परतीच्या वाटेवर आधी हळदीकुंकू, मग गाणी. मागच्या बाजूला सावलीत जागा मोठी आहे. उतरणार नाहीत त्यांची नावं वेगळी कळवा, त्यांच्यासाठी दुर्बीण आणतोय. नशीब असेल तर वाटेत डॉल्फिन दिसतात.

बाहेरच्या बाटलीवर बोटवाला पैसे घेत नाही, फिन्सचे घेतो. गाइड दोन देतोय, मी तीन मागितलेत. शिडीचा फोटो जोडला आहे.

*

प्रेषक: धरमपेठची मावशी

वाण ठरलं: मोबाइल ठेवायचा वॉटरप्रूफ पाउच, गळ्यात अडकवायचा. सीताबर्डीवर घाऊक घेतले तर स्वस्त पडतात. बायका नेमक्या किती ते उद्यापर्यंत कळवा, मागाहून एखादीला नाही मिळाला तर ते मलाच ऐकावं लागेल. तिळगूळ मी करते, चिवडा इतवारीतून.

रविवारी टँकवर येते. उतरेन की नाही ते तिथे बघू.

फोटो मोठा करून पाहिला. पायऱ्या सपाट आहेत, पण पाण्याखाली दोनच दिसतात. वहिनी तीन म्हणाली होती. विचारा त्याला.