सुरीच्या मुठीला तेल की पीयू? ‘एकदा मारा, विसरून जा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मूठ_आणि_पातं
परवा इथं एकानं लिहिलं, ‘मुठीला पीयूचे (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर धरणारं व्हार्निश) तीन हात मारा, आयुष्यभर बघायला नको. तेल चोळणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मूठ म्हणजे टीपॉय नव्हे ओ. ती भिजते, घामेजते, आपटते आणि तिच्या पोटात लोखंड असतं. पीयू लाकडावर बसतो, लाकडात मुरत नाही. लाकूड आडव्या अंगानं फुगतं-आकसतं, पोलाद तसं हलत नाही. आपल्याकडे सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी, जुलैत तीच हवा दमट. रिव्हेटच्या, म्हणजे मूठ पात्याला जखडणाऱ्या खिळ्यांच्या, कडेला थर तडकणार म्हणजे तडकणारच. त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि थराखाली अडकतं. बाभूळ असेल तर रिव्हेटभोवती काळी कडी धरते, कारण टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य), लोखंड आणि पाणी एकत्र आलं की काळंच पडतं. मग अख्खी मूठ खरवडत बसा. तेलाच्या मुठीला तेवढीच जागा घासायची, पुन्हा तेल पाजायचं.

करायचं कसं, तेही लिहितो. १२० च्या काचकागदानं आकार, मग २२०. ओलं फडकं फिरवून वाळू द्या, तंतू उभे राहतील, ते २२० नंच हलक्या हातानं उतरवा. जवसाचं तेल पातळ हातानं द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर जे राहील ते कोरडं पुसा. पुसायचा कंटाळा केलात तर चिकट साय धरते आणि मग लोक तेलालाच शिव्या देतात.

एमआयडीसी_वर्कशॉप
हौसेनं चार सुऱ्या करणाऱ्याला हे सगळं ठीक आहे. आम्हाला माल विकायचा असतो. गिऱ्हाईक सुरी खरकट्या भांड्यांत रात्रभर भिजत टाकतं, सकाळी घासणीनं घासतं. त्याला तेल लावायला सांगा, तो दुकान बदलेल.

आणि शिसमाचं बोला ना! शिसमातले अर्क तेलाला वाळूच देत नाहीत, मूठ कित्येक दिवस चिकचिकते. आम्ही थिनरनं पुसून, मेण काढलेल्या चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात देऊन वर पीयू मारतो, मस्त धरतो. काळी कडी तेलाच्या मुठीलाही पडते, पितळेचे रिव्हेट वापरा. कडेला थर सुटतो हे मान्य, पण तेवढ्यासाठी सगळ्या मुठीला उघडं ठेवणं मला पटत नाही.

फडातला
तुम्ही दोघं स्वयंपाकघरातलं बोलताय. आमच्याकडं ऊसतोडीला टोळी येते. बाजारातला नवा कोयता आला की पहिलं काम काय माहितेय? फुटक्या बाटलीची काच घेऊन मुठीवरचं व्हार्निश खरवडणं. बसल्या बसल्या पांढरा भुसा पाडतात, मग हातानंच घासून गुळगुळीत करतात. घामाचा हात चकचकीत मुठीवर सरकतो, तळव्याला फोड येतात. दिवसभर तोडणाऱ्या माणसाला थर नको असतो. ज्यानं पीयूचं लिहिलं त्यानं एक दिवस फडात यावं.

सुगरण_सातरस्ता
आमच्याकडे पोळ्या झाल्या की तेलाचा हात तसाच विळीच्या पाटावर आणि सुरीच्या मुठीवर फिरतो. शेंगदाण्याचं तेल, दुसरं काही नाही. जवस आणा, पुसा, वाळवा, एवढा वेळ कुणाला आहे?

मूठ_आणि_पातं
ताई, शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. त्याचं आयोडीन मूल्य ९० च्या आसपास, जवसाचं १८० च्या. आकडा मोठा तितकं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं आत ओलंच राहतं आणि पुढे खवट वास मारतं.

घाणीवाला_बार्शी
जवस जवस काय लावलंय? सोलापुरात राहून करडईचं नाव कुणी घेईना! करडईचं आयोडीन मूल्य १४५ च्या घरात, तेही वाळतं, आणि जवसासारखं पिवळं पडत नाही. पांढऱ्या लाकडाला त्याच्यासारखं तेल नाही. ‘भीमा’ वाण आपल्याच करडई संशोधन केंद्रातलं. आणि आता शिवारात बघा, जिकडेतिकडे ऊस आणि सोयाबीन. काटे टोचतात म्हणून काढणीला माणूस मिळत नाही, भाव मिळत नाही, घाण्यावर माल येत नाही. लोक रिफाइंड पिशव्या आणतात आणि मग विचारतात मुठीला काय लावू!

एमआयडीसी_वर्कशॉप
करडई जवसापेक्षा सावकाश वाळते, हेही सांगा की.

घाणीवाला_बार्शी
सावकाश वाळते, पण वाळते. रिफाइंडमध्ये टिकण्यासाठी बऱ्याचदा टीबीएचक्यू हे तेल खवट होऊ न देणारं रसायन घातलेलं असतं, ते वाळण्याच्याच आड येतं. लोक तेच लावतात आणि करडईला बदनाम करतात. घाण्याचं आणा, मग बोला.

फडातला
घाण्याचं करडई तेल काय भावानं देताय ते लिहा आधी. शेतकऱ्याला करडईचं काय मिळतं आणि तुम्ही तेल कितीला विकता?

घाणीवाला_बार्शी
काय बे, सगळा नफा मीच खातो का? लाइट बिल, मजुरी तू भरतोस का? ये घाण्यावर, वही दाखवतो.

पेठेतला_सुतार
भांडणं नंतर करा. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितोय. आपल्याकडे पुसायला मागातली वेस्ट वापरतात, सुताचा गुंता. जवसाच्या तेलात भिजलेली वेस्ट गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आतल्या आत तापते आणि पेट घेते, काडी लावावी लागत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर बोलूच नका. पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा. आमच्या गल्लीतल्या एका शेडला असंच झालं, बाहेरच्या पोरांनी धूर बघितला म्हणून माणसं वाचली. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तर धातूचे ड्रायर घातलेलं असतं, ते आणखी लवकर तापतं. स्वयंपाकाच्या सुरीला मी ते लावतच नाही.

मायकार्टावाला
लाकूडच कशाला? मायकार्टाला, म्हणजे रेझिनमध्ये दाबून घट्ट केलेल्या कापडाच्या थरांना, तेल नको, पीयू नको. ४०० च्या काचकागदावर थांबा. बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) चकाकी आणलीत तर ओल्या हाताला निसटतं. खरखरीत ठेवलं तर ओलं असताना उलट पकड सुधारते. शिंगाच्या मुठीलाही बफवर जास्त दाबू नका, तापून पापुद्रे सुटतात.

मूठ_आणि_पातं
हेच म्हणतोय मी! चकाकी विकायला बरी, धरायला नाही. वर्कशॉपवाले, गिऱ्हाईक भिजत टाकतं म्हणून तुम्ही थर देता. त्याला भिजवू नको हे एका चिठ्ठीवर छापून द्यायला काय लागतं? घाणीवाल्यांनी करडईचं तेल पाठवावं, मी बाभळीच्या तुकड्यांवर जवसाशेजारी लावून फोटो टाकतो.

एमआयडीसी_वर्कशॉप
शिसमावर लावून दाखवा. बाभळीवर कुणीही दाखवेल.