निवेदन, कलम 3: सुया ठेवायच्या की काढायच्या?

सचिव:
मंडळी, निवेदन शुक्रवारी जायचं आहे. मास्क, चाचणी संच, मच्छरदाण्या सरकारने फुकट द्याव्यात, यावर कुणाची हरकत नाही. अडलंय ते ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांना द्यायच्या निर्जंतुक सुयांवर. मागच्या बैठकीतलं पुन्हा उगाळू नका. ठेवा की काढा, एवढंच कळवा.

खजिनदार:
काढा. व्यसनासाठी लागणाऱ्या सुया करदात्यांच्या पैशातून का? आणि फुकटच्या वस्तूची कदर राहत नाही, सगळ्याच साहित्याला निदान नाममात्र किंमत लावा. शिवाय मंडळाच्या नावाने जाणारा मसुदा आधी कार्यकारिणीसमोर यायला हवा होता. तो थेट इथे कसा आला?

सभासद (परिचारिका):
काका, नाममात्र किमतीचा प्रयोग केनियात होऊन गेलाय. कोहेन आणि ड्यूपा या अर्थशास्त्रज्ञांचा 2010 चा अभ्यास वाचा. दवाखान्यात गरोदर बायकांना मच्छरदाणी फुकट दिली तेव्हा जवळपास सगळ्यांनी नेली. सुमारे 60 अमेरिकी सेंट लावले, तर नेणाऱ्यांचं प्रमाण 60 टक्केबिंदूंनी घसरलं. पैसे मोजलेल्यांनी ती जास्त वापरली, असंही दिसलं नाही. जाळीवरच्या कीटकनाशकाने डास मरतात, त्याचा फायदा जाळी नसलेल्या शेजाऱ्यालाही होतो. मग सगळा खर्च एकट्या त्या बाईने का सोसायचा?

माजी अध्यक्ष:
ताई, त्याच जाळ्यांनी काही ठिकाणी मासेमारी चालते, तेही लिहा. मी बरीच वर्षं सरकारी पुरवठ्याचं काम पाहिलंय. खरेदी झटपट होते, वाटपाला मात्र माणसं नसतात. चाचणी संचांची मुदत गोदामातच संपलेली मी पाहिली आहे. वाटपाचा खर्च कलमात नसेल तर मी सही करणार नाही.

सभासद (परिचारिका):
वाटपाचं मान्य. पण मासेमारी होते म्हणून जाळ्याच देऊ नयेत, असं तुमचं म्हणणं नाही ना?

सभासद (औषधनिर्माता):
मूळ प्रश्न सुयांचा होता. ॲमस्टरडॅममध्ये 1984 साली सुयांची अदलाबदल, म्हणजे वापरलेली सुई घेऊन नवी निर्जंतुक सुई देणं, सुरू झाली, ती हिपॅटायटिस बी रोखण्यासाठी. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत (जिल्ह्यात) अशी सोय नव्हती, राज्याच्या कायद्यात तिला वावच नव्हता. 2015 साली तिथे एचआयव्हीची साथ उघडकीस आली आणि पुढे 200 हून अधिक लोकांना लागण झाल्याचं आढळलं. साथ आल्यावर घाईने परवानगी दिली. सुई नाकारल्याने व्यसन सुटत नाही, एकच सुई चार जणांत फिरते. मग संसर्ग त्यांच्या जोडीदारांपर्यंत जातो आणि आयुष्यभराच्या औषधांचा खर्च अनेकदा त्याच करातून होतो. खजिनदारसाहेब, हिशोब तुम्हीच मांडा.

माझं मत: ठेवा. फक्त सुयांपुढे 'वापरलेल्या सुया परत घेण्याच्या बंद पेट्या' हेही जोडा, आणि माजी अध्यक्षांचा वाटपाचा खर्च त्याच कलमात घ्या. सुधारित मसुदा आज रात्री कार्यकारिणीला पाठवतो.