लहान मुलांसह नैसर्गिक गुहा पाहताना काय काळजी घ्यावी?

प्रश्न :
आम्ही सहकुटुंब चुनखडीची एक नैसर्गिक गुहा पाहायला जाणार आहोत. मुलगी सहा वर्षांची आहे. मुलगा अडीच वर्षांचा असून अंधाराला घाबरतो. गुहेत पायऱ्या, कठडे आणि दिवे आहेत आणि मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. मोठी फेरी घ्यावी की छोटी, आणि मुलाला पाठीवरच्या कॅरियरमधून न्यावे का, याविषयी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर १ :
निर्णय धाकट्याकडे पाहून करावा आणि छोटी फेरीच निवडावी. अरुंद वाटेवर गट एकामागून एक चालत असतो, त्यामुळे रडणाऱ्या मुलाला घेऊन मध्येच मागे फिरणे सोपे नसते. म्हणून पायऱ्या किती आहेत आणि अर्ध्यावरून बाहेर पडता येते का, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे. पाठीवरचे कॅरियर मात्र टाळावे, कारण कमी उंचीच्या छताखाली आपण वाकलो तरी पाठीवरच्या मुलाचे डोके कुठवर आले आहे, याचा अंदाज आपल्याला येत नाही. अनेक गुहांमध्ये त्यास मनाईही असते. प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस असावे आणि त्याचा एक हात कठड्यासाठी मोकळा असावा.

गुहेच्या आतल्या भागाचे तापमान साधारणपणे त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतके असते आणि ते वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे बाहेर कडक ऊन असले तरी आत गारवा जाणवू शकतो, आणि कडेवरचे मूल स्वतः चालत नसल्याने त्याला थंडी आधी वाजते. स्वेटर आणि न घसरणारे बंद बूट न्यावेत.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. काही ठिकाणी मार्गदर्शक सगळे दिवे मालवून दाखवतात, असे ऐकले आहे. तेव्हा मुलाला कसे सांभाळावे?

उत्तर २ :
ही गोष्ट मार्गदर्शकाला आत शिरण्यापूर्वीच सांगावी. लहान मुले असतील तर ते बहुधा समजून घेतात. घरातल्या अंधारात डोळे हळूहळू सरावतात, परंतु गुहेच्या आत प्रकाशच पोहोचत नसल्याने कितीही वेळ थांबले तरी काही दिसत नाही. मुलाला हे आधी सांगावे आणि त्या वेळी त्याला कुशीत घ्यावे. त्याच्या हाती स्वतःची छोटी विजेरी दिल्यास धीर येतो, मात्र ती वटवाघळांवर रोखू नये.

उत्तर ३ :
थोरलीसाठी एक विनंती. झिरपणाऱ्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो, तेव्हा पाण्यात विरघळलेला चुना कणाकणाने साचून लवणस्तंभ, म्हणजे छताला लटकणारे आणि जमिनीवरून वर वाढणारे दगडी सुळके, तयार होतात. त्यांची वाढ बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकीच असते. हाताचे तेल लागले की तिथे नवा थर नीट बसत नाही. सहा वर्षांच्या मुलीला हे कारण सांगितले तर ती नियम मनापासून पाळते, नुसते ‘हात लावू नकोस’ म्हटले तर विसरते. माणसाच्या नुसत्या वावरानेही गुहेची हानी होऊ शकते : फ्रान्समधील प्रागैतिहासिक भित्तिचित्रे असलेली लास्को गुहा 1940 मध्ये सापडली, आणि प्रेक्षकांच्या श्वासामुळे व दिव्यांमुळे चित्रे खराब होऊ लागल्याने ती 1963 मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली.

पूर्वी दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट आणि कपडे असतील तर ते स्वच्छ धुऊनच न्यावेत, कारण वटवाघळांना घातक असणारी बुरशी त्यांतून पसरू शकते. आत स्वच्छतागृह बहुधा नसते, तेव्हा दोघांनाही निघण्यापूर्वी तिथे नेऊन आणावे.