नेस्कॅकचं फुटबॉल नऊ मॅचमध्येच का संपवायचं? ('शहाणपणा'वाल्या पोस्टला उत्तर)

बापू_बॉस्टनवाले (१७ डिसेंबर २०२३)

परवा इथे एकाने, नाव घेत नाही, लिहिलं की नेस्कॅकवाले (न्यू इंग्लंडकडच्या छोट्या कॉलेजांची कॉन्फरन्स) आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला एनसीएए प्लेऑफला, म्हणजे देशभरच्या कॉलेजांच्या नॉकआउटला, पाठवत नाहीत हाच खरा शहाणपणा, नोव्हेंबरात पॅड उतरवायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचं, याला म्हणतात स्टुडंट-ॲथलीट. खाली अंगठ्यांची रांग. तेव्हा गप्प बसलो कारण बायको म्हणाली सोड ना, कशाला भांडतोस. पण शुक्रवारी सेलमचा स्टॅग बोल, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या डिव्हिजन थ्रीची फायनल, बघितली, कोर्टलंड ३८, नॉर्थ सेंट्रल ३७, आणि रात्री झोपच येईना. म्हटलं आता लिहितोच.

माझा धाकटा चार वर्षं नेस्कॅकमध्ये खेळला. कॉलेज सांगत नाही. स्टार वगैरे अजिबात नव्हता, किकऑफला जीव तोडून पळायचा आणि कुणी लंगडलं तर सेफ्टीला उभा राहायचा. त्याची शेवटची मॅच, ॲल्युमिनियमचे बाकडे इतके गार की खाली गोधडी दुमडून बसलेलो, थर्मासमधला चहा पण कोमट. जिंकले. आणि जिंकून सगळे सीनियर मैदानातच बसून राहिले. एक लाइनमन पोरगा, सव्वाशे किलोचा तरी असेल, बुटाची लेस सोडायचा आणि परत बांधायचा. तीनदा बघितलं मी. बूट निघाला की संपलं ना सगळं. त्याची आई कुंपणापाशी उभी होती, तिने हाक पण मारली नाही.

दहा टीम, प्रत्येकाशी एकदा, नऊ मॅच (२०१६ पर्यंत तर आठच), खेळ खल्लास. २०१९ ला मिडलबरी ९-०, २०२१ ला विल्यम्स ९-०, पुढे काय? घरी. आणि २०२३ पर्यंत तरी हा नियम फक्त फुटबॉललाच बरं का. टफ्ट्सचे सॉकरवाले २०१४, १६, १८, १९ असे चार वेळा नॅशनल चॅम्पियन झाले, ॲमहर्स्टने २०१३ ला बास्केटबॉल मारलं. त्या पोरांना परीक्षा नसतात का? का त्यांचं डोकं वेगळ्या मटेरियलचं आहे?

गुरुजी_व्हर्माँट

नाव न घेता पहिला अख्खा पॅरा माझ्यावरच खर्च केलात, आभारी आहे. तो शहाणा मीच.

बापूसाहेब, बुटाची गोष्ट छान आहे, डोळ्यात पाणी वगैरे. आता हिशोब बघू. २०२३ चा ड्रॉ ३२ टीमचा, म्हणजे फायनलपर्यंत पाच आठवडे. कोर्टलंड काय, नॉर्थ सेंट्रल काय, पंधरा मॅच खेळले यंदा. सेमीफायनल-फायनल बरोब्बर सेमिस्टरच्या शेवटी. आणि हे डिव्हिजन थ्री आहे, इथे खेळाची स्कॉलरशिप शून्य, पुढे एनएफएलला, म्हणजे पैशाच्या लीगला, क्वचितच कुणी जातं. कुणासाठी चाललंय हे? आईबापांसाठी.

दुसरं, तुमच्या या पवित्र पोस्टसीझनमध्ये होतं काय ते पण सांगा ना. २००५ ते २०१४, दहा वर्षं, त्यातल्या नऊ फायनल माउंट युनियन विरुद्ध व्हाइटवॉटर. नऊ! २०१२ ला मध्येच सेंट थॉमस आलं म्हणून चव बदलली. एकट्या माउंट युनियनकडे तेरा टायटल आहेत. बाकीच्यांनी थँक्सगिव्हिंगला बस भरून जायचं आणि पन्नास पॉइंट खाऊन यायचं.

आणि तिसरं, जे तुम्ही मुद्दाम गाळलंत. आपल्याकडे शेवटची मॅच हीच फायनल असते. विल्यम्स-ॲमहर्स्ट १८८४ पासून चालू आहे. २००७ ला ईएसपीएनचा गेमडे हा टीव्ही शो एवढ्याशा विल्यम्सटाउनला आला होता तो काय प्लेऑफसाठी? होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थी जमतात त्या मॅचला, जिंकले की विल्यम्सची अख्खी टीम घामेजलेल्या जर्सीत स्प्रिंग स्ट्रीटवरून न्हाव्याच्या दुकानापर्यंत चालत जाते. प्लेऑफ आणा, मग बघा, पुढच्या आठवड्यासाठी कोच क्वार्टरबॅकला झाकून ठेवेल आणि त्या मॅचचं सराव सामन्यात रूपांतर होईल.

नेपरव्हिलचा_काका

शुक्रवारचा विषय काढलाच आहे म्हणून सांगतो. नॉर्थ सेंट्रलचं स्टेडियम माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. दिवाळी पॉटलकला जितके मराठी जमतात त्यातले निम्मे तिथे कधी गेलेले नाहीत, ते असो. सलग २९ मॅच जिंकून गेले होते आमचे. शेवटी टचडाऊन मारून ३८-३७ केलं, एक किक मारली असती तर बरोबरी. नाही. किक सोडून दोन पॉइंटसाठी, थेट जिंकायलाच गेले. आणि हुकलं.

मी टीव्ही बंद करून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो. शुक्रवारी आमच्याकडे कचरा नेत नाहीत.

पण गुरुजी, हे दुखणं मी कुणाला विकणार नाही. तुमच्या ९-० वाल्या पोरांना हे दुखणंच माहीत नाही. आणि अभ्यासाचं सांगू नका हो, एमआयटी २०१४ ला प्लेऑफ खेळलं. एमआयटी! जॉन्स हॉपकिन्स २०१८ ला सेमीफायनलला होतं, माउंट युनियनला आठच पॉइंटनी हरलं. ती पोरं काय कॉपी करून पास होतात?

गुरुजी_व्हर्माँट

एमआयटी किती वेळा गेलं? एका गिळलेल्या नाण्यावर अख्खी तिजोरी मोजू नका.

नेपरव्हिलचा_काका

गिळलेलं नाणं ही कुठली म्हण? घरी बनवली का?

डॉक्टर_आई_ओहायो

सगळे बाबाच बोलतायत म्हणून मध्ये पडते. बॉस्टन युनिव्हर्सिटीचा २०१७ चा अभ्यास आठवतो का कुणाला? एनएफएलच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला मार बसून बसून होणारा मेंदूचा आजार. आणि ते फक्त एनएफएलचं नाही, कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ पैकी ४८ मध्ये पण. अजून पाच मॅच म्हणजे अजून पाच आठवडे डोकी आपटणं. बापू, तुमच्या मुलाचे बूट जपा, पण डोकं पण जपा.

बापू_बॉस्टनवाले

ताई, ते मेंदू घरच्यांनी दान केलेले होते, म्हणजे ज्यांना आधीच शंका होती त्यांचे. लिहिणाऱ्यांनी स्वतःच तसं लिहिलंय. आणि डोक्याचीच काळजी असेल तर नऊ मॅच तरी कशाला, बंदच करा की. नवव्या मॅचपर्यंत डोकं लोखंडाचं आणि दहाव्याला काचेचं, असं असतं का?

डॉक्टर_आई_ओहायो

दान केलेले होते, मान्य. सगळ्या खेळाडूंना हा आकडा लागू नाही, तेही मान्य. आणि हो, बंदच करा असंच माझं मत आहे, विचारलंत म्हणून. माझा मुलगा क्रॉसकंट्री पळतो.

साडेपंधराशे_आणि_रिजेक्ट

कुणी हे पण बोला की या कॉलेजांमध्ये कोचच्या यादीत नाव असलं की ॲडमिशनचा दरवाजा अर्धा उघडतो. माझ्या मुलीला १५५० एसएटी, कथक बारा वर्षं, तरी नकार. तिच्याच शाळेतला ढकलाढकली करणारा एक मुलगा आत. वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर घेतात आणि वर फुटबॉलवाल्यांना प्लेऑफ पण पाहिजे. घ्या अजून.

बापू_बॉस्टनवाले

ताई, त्या मुलाचा या धाग्याशी संबंध नाही. ऐंशी हजार मीही भरलेत.

रंकाळ्याचा_वाघ_जर्सी

मगापासून वाचतोय आणि हसू आवरंना. ज्यात पाय चेंडूला लागतच न्हाई त्याला तुम्ही फुटबॉल म्हणताय आणि वर चर्चा करताय. फुटबॉल बघायचा तर कोल्हापूरला शाहू स्टेडियमला या भावांनो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, नुसती नावं घेतली तरी पेठ पेटते. सोळा टीमची केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग, ती संपली की चषकांची रांग, एका मागनं एक नॉकआउट, पाऊस पडंस्तोवर चालू. आमच्यात लीग जिंकून कुणी घरी जाऊन झोपत न्हाई. लीग जिंकलास, बरं झालं, आता नॉकआउटला ये मग दाखवतो, असा विषय असतोय.

माझा आज्जा तालमीत लाल माती अंगाला लावायचा आणि संध्याकाळी मॅचला पायऱ्यांवर. शेवटची दोन वर्षं दिसत नव्हतं त्याला नीट, तरी मला घेऊन जायचा आणि विचारायचा, कुणाकडं हाय चेंडू? मी सांगायचो. गोल झाला की मला सांगायला लागायचं न्हाई, आवाजावरनं पेठ वळखायचा. आणि तुमचं ते नऊ मॅच आणि लायब्ररी! हंगामाला फायनल न्हाई म्हणजे जत्रा भरवायची आणि कुस्त्याच लावायच्या न्हाईत.

सदाशिव_फ्रीमाँट

वा. आजोबांचा किस्सा हृद्य आहे. फक्त पेठ पेटते हे अक्षरशः घ्यावं लागतं एवढंच. मॅचपेक्षा मॅचनंतरची दगडफेक जास्त गाजते आणि बावीस खेळाडूंमागे किती पोलीस लागतात ते ज्याने पाहिलं त्याला माहीत आहे. शिवाय पेठेचा अभिमान एवढा, तर नायजेरिया आणि घानाचे खेळाडू कुठल्या पेठेत जन्मले?

रंकाळ्याचा_वाघ_जर्सी

आलं पुणं. दुपारी एक ते चार झोपून उठलं आणि बोललं. तुमच्या सदाशिव पेठेत कुठला खेळ हाय सांगा, शेजाऱ्याची बेल दाबून पळून जायचा? अनिकेत जाधव कुठला? २०१७ चा अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कप खेळलेला? आमचा. भांडणं होतात, व्हय होतात, मी काय न्हाई म्हणत न्हाई, माझ्या चुलत्याच्या डोक्यात टाका हाय. पण ज्याचं काय अडलंय त्याचंच रक्त तापतंय. आणि बाहेरच्या प्लेयरचं म्हणाल तर ते माझ्या पण डोक्यात जातंय, तालमीच्या पोरानं बाकावर बसायचं आणि हंगामापुरता आलेल्यानं गोल मारायचा. हे तुम्ही बरोबर बोलला. एवढंच.

सदाशिव_फ्रीमाँट

कोल्हापूरने पुण्याचं काही बरोबर आहे म्हटलं. स्क्रीनशॉट काढून फ्रेम करतोय.

डॉक्टर_आई_ओहायो

चुलत्यांच्या टाक्याचं काय झालं? उलट्या वगैरे झाल्या होत्या का तेव्हा?

रंकाळ्याचा_वाघ_जर्सी

ताई, १९९४ ची गोष्ट हाय. तब्येत झकास, रोज पांढरा रस्सा.

म्हापशाचो_मनू

कोल्हापूर, पुणे भांडताहेत आणि फुटबॉल म्हटल्यावर गोवा कुणाला आठवलाच नाही, चालू द्या. पण मला मूळ विषयावर बोलायचंय, हसू नका.

आमच्याकडे हे झालंय. आमच्या धेंपो क्लबने पाच वेळा नॅशनल लीग मारली, साळगावकरने २०११ ला, चर्चिलने २००९ आणि २०१३ ला. फातोर्ड्याला मोहन बागान, ईस्ट बंगाल आले की आमची दुकानं लवकर बंद. मग २०१६ ला फेडरेशनच्या नव्या रचनेवरून वाजलं आणि साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो आय-लीगमधून (नॅशनल लीगचंच पुढचं नाव) बाहेर पडले. त्यांचा राग बरोबर होता, मी आजही त्यांच्याच बाजूचा. पण नंतर गोवा प्रो लीगच्या मॅचला गेलो तेव्हा स्टँडमध्ये मी, माझा मेव्हणा आणि रेफरीच्या घरचे असावेत असे चार जण. खेळ तोच रे. पोरं पण तीच. पण कलकत्त्याला हरवायचं आहे हे डोक्यातून गेलं की पळणं पण बदलतं. गुरुजी, तुमची नऊ मॅचची लीग किती पाण्यात आहे हे तुम्हाला कळणार कसं? बाहेर कुणाशी खेळतच नाही तुम्ही.

गुरुजी_व्हर्माँट

मनू, एक फरक आहे. तुमच्याकडे गर्दी नॅशनलसाठी यायची, आमच्याकडे ती ॲमहर्स्टसाठी येते आणि अजून येते. पण बाहेर कुणाशीच खेळत नाही हा मुद्दा मला खोडता येत नाहीये. नऊच्या नऊ मॅच आपसात हे बेडकाच्या विहिरीसारखं आहे, हे कबूल. एक बाहेरची मॅच सप्टेंबरात घ्यावी, इथपर्यंत मी येतो. त्यापुढे नाही.

बापू_बॉस्टनवाले

सप्टेंबरात! उपकार झाले. इतर कॉन्फरन्स सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत दोन-दोन मॅच खेळून मोकळे होतात तेव्हा आपली पोरं अजून मैदानात सुया शोधल्यासारखी सराव करत असतात.

तरी गुरुजींचं एक मान्य करतो, दात-ओठ खाऊन करतो. प्लेऑफ आलं तर शेवटच्या मॅचची ती मजा थोडी कमी होईल. ती न्हाव्यापर्यंतची चाल मी पाहिली आहे आणि मी हरलेल्या बाजूच्या पार्किंगमध्ये उभा होतो, तरी गाडी चालू करावीशी वाटली नाही.

नेपरव्हिलचा_काका

मग कमी होऊ दे ना थोडी. आमच्याकडे व्हीटनशी मॅच असते तेव्हा दोघंही प्लेऑफच्या तयारीत असतात, म्हणून काय कुणी हळू टॅकल करतं? या एकदा. पोहे माझ्याकडे.

गुरुजी_व्हर्माँट

पोह्यात साखर घालत नसाल तर विचार करीन.

बापू_बॉस्टनवाले

धागा पोराला पाठवला होता. त्याचं उत्तर आलंय, प्रामाणिकपणे देतो. 'बाबा, त्याच्या लेसला चिखलाने गाठ बसली होती, सुटत नव्हती. शेवटी ट्रेनरने कात्रीने कापली. आणि प्लेऑफ असते तर मी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत नापास झालो असतो.'

गुरुजी_व्हर्माँट

😀😀 मुलाला माझा नमस्कार सांगा.

बापू_बॉस्टनवाले

सुटून परत बांधत होता हो तो. मी बघितलंय. आणि केमिस्ट्रीत तसाही सी होता.